वीस लाख ठिपक्यांचा पडदा

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. तिथं राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं बघायला मिळतात. नऊवारीच्या काठाची जर, गळ्यातले मोती, सगळं कसं लख्ख! आता त्यातलंच एखादं चित्र घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उघडा. जर धुरकट, मोती नुसते पांढरे डाग. एवढंच काय, बारीक टाइपात ‘लक्ष्मी’ लिहा, ‘क्ष्म’च्या गाठी एकमेकींत बुजून जातात.

असं का होतं? लॅपटॉपचा पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर आडवे 1366 आणि उभे 768 पिक्सेल असतात. गुणाकार करा: साडेदहा लाखांच्या जवळपास! 15.6 इंची पडद्यावर असा एक ठिपका साधारण पाव मिलिमीटरचा होतो. मोत्यावरची चमक त्याहून बारीक असेल, तर ती दाखवायची कुठं?

उपाय आहे. त्याच मापाचा, पण 1920 गुणिले 1080 पिक्सेलांचा पडदा बसवायचा. म्हणजे तेवढ्याच जागेत वीस लाखांहून जास्त ठिपके! दुरुस्ती करणारे दादा आधी बॅटरी सोडवतात, मग भोवतीची प्लॅस्टिकची चौकट अलगद उचकटतात. पडद्याच्या पाठीवर मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी असते आणि खाली एक चपटी केबल. खरी मेख या केबलमध्ये आहे. पडद्यावरचं चित्र बहुधा सेकंदाला 60 वेळा नव्यानं रंगवलं जातं. म्हणजे नव्या पडद्याला दर सेकंदाला 12 कोटींहून जास्त ठिपक्यांची माहिती हवी! काही जुन्या केबलींत तेवढ्या तारा नसतात. एवढ्याशा नळीनं मोठी टाकी कशी भरणार? मग केबलही बदलावी लागते. काही लॅपटॉपना मात्र नवा पडदा चालतच नाही.

ठिपक्यांनी चित्र रंगवायची युक्ती काही संगणकवाल्यांची नव्हे बरं का! रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथं प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे आणि कारागीर बारीक ठिपक्यांनी छटा साधत. त्या छापील चित्रांमुळे राजवाड्यातली कला घराघरांच्या भिंतींवर आली. मला तर हे फार मोठं काम वाटतं.

आता एक भिंग घ्या. जुन्या लॅपटॉपवर पांढरं पान उघडा आणि भिंगातून नीट बघा. पांढरा रंग कुठंच नाही! लाल, हिरवे आणि निळे तुकडे शेजारी शेजारी बसलेले दिसतील. मग तेच भिंग भिंतीवरच्या छापील कॅलेंडरवर धरा. तिथले ठिपके वेगळ्याच रंगांचे आहेत. कोणते, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.