चामड्याचे बूट पावसात खराब होतात की पावसानंतर?

पेण तालुक्यातल्या जोहे-हमरापूर भागात गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा, शाडूची ओली मूर्ती घाईघाईत, कडक उष्णतेत वाळवली तर काय होतं? तडकते. बाहेरचा थर आधी आकसतो आणि आत ओल तशीच राहते. चामड्याच्या बुटाचं गणित बरंचसं असंच आहे. भिजल्यामुळे तो जितका बिघडत नाही, तितका चुकीच्या पद्धतीने वाळवल्यामुळे आणि नंतर कपाटात विसरल्यामुळे बिघडतो.

भिजणं तर इकडे चुकत नाही. रायगड जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे काही हजार रुपये मोजून घेतलेले ट्रेकिंगचे बूट दोन पावसाळ्यांत टाकायचे नसतील, तर चामड्याचा स्वभाव थोडा समजून घ्यावा लागेल.

चामडं पाणी का पितं?

चामडं म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचं दाट जाळं. कातडी कमावताना हे तंतू कुजणार नाहीत अशी व्यवस्था केली जाते. कोल्हापुरी चपलेसाठी पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, तर आजच्या बहुतेक बुटांचं चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यानंतर त्यात तेल-चरबी मुरवली जाते. या स्निग्धतेमुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि बूट पायाबरोबर वाकतो.

वारंवार भिजलं की ही चरबी हळूहळू निघून जाते. मग वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं लाकडासारखं होतं आणि बोटांजवळच्या घडीवर भेगा पडतात. एकदा पडलेली भेग कुठल्याही तेलाने सांधत नाही.

म्हणजे बुटाला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. तेल गेलेली स्निग्धता भरून काढतं, आणि मेण पाणी अडवतं. डबीतलं नेहमीचं पॉलिश मुख्यतः वरची चमक देतं, त्यावर पावसाचा भरवसा ठेवू नका.

खोबरेल चालतं का?

कोकणात हा प्रश्न येणारच! कोल्हापुरी चपलेला तेल पाजायची पद्धत जुनी आहे, आणि अडीअडचणीला खोबरेलाचा हलका हात फिरवला तर बूट काही मरत नाही. पण ते चामडं पटकन मऊ करतं. घोट्याला आधार द्यायचा म्हणून घेतलेला बूट ढिला पडला तर त्याचा उपयोग काय? शिवाय थंडीत खोबरेल थिजतं, तसा पांढुरका थर चामड्यावरही दिसू शकतो. त्यापेक्षा मधमाशीचं मेण असलेलं बुटांचं वॅक्स बरं.

ते लावायचं स्वच्छ, किंचित दमट बुटावर. बोटाने किंवा फडक्याने पातळ थर द्या आणि सर्वांत जास्त वेळ शिलाईवर घालवा, कारण पाणी आधी सुईच्या छिद्रांतून आणि तळव्याच्या जोडातून शिरतं. रात्रभर मुरू द्या, सकाळी उरलेलं पुसून टाका. थर जाड असेल तर फायदा जास्त, असं नाही. त्यावर उलट धूळ बसते. लव असलेल्या स्वेड किंवा नुबक चामड्याला मात्र मेण लावू नका, लव कायमची बसते. त्यासाठी पाणी झटकणारा स्प्रे मिळतो.

आता खरी परीक्षा, वाळवणं. आधी चिखल धुऊन टाका. पेणच्या खारेपाटातून, मिठागरांच्या बाजूने फिरून आला असाल तर हे त्याच दिवशी करा, कारण मीठ चामडं कोरडं पाडतं आणि पांढरे डाग सोडतं. डाग राहिलेच तर पाण्यात थोडा व्हिनेगर घालून फडक्याने टिपा. नाड्या आणि आतले तळवे काढा, जुनी वर्तमानपत्रं कोंबा आणि पहिल्या काही तासांत कागद दोन-तीनदा बदला. मग पंख्याखाली, सावलीत ठेवा. चूल, हीटर, गाडीचं बॉनेट, कडक ऊन, काहीही नको. वाळायला दोन दिवस लागले तर लागू देत.

एक गोष्ट मात्र विक्रेते सहसा सांगत नाहीत. जुलैच्या मुसळधार पावसात सह्याद्रीतल्या ट्रेकला चामड्याचा बूट ही मुळातच चुकीची निवड आहे. ओढा ओलांडताना पाणी चामड्यातून नाही, वरून घोट्याकडून आत येतं. आत वॉटरप्रूफ पडदा असेल तर तेच पाणी मग बाहेर पडत नाही. हवेत ९० टक्के आर्द्रता असताना घामाची वाफही नीट जात नाही. अशा वेळी पाणी निथळणारे, लवकर वाळणारे कापडी-सिंथेटिक बूट घाला. साचलेल्या पाण्यात किंवा भातखाचरात काम असेल तर सरळ गमबूट, कारण तिथे लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही असतो. चामड्याच्या बुटाची खरी मजा ऑक्टोबरनंतर, दवाने भिजलेल्या गवतात आणि खडकाळ वाटेवर.

म्हणजे पावसाळाभर बूट घरातच राहणार. तिथे दोन शत्रू असतात. पहिला बुरशी. ती घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन पुसा, सावलीत वाळवा, मग तेल-मेण. डांबरगोळ्यांनी ओल जात नाही. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवण्यापेक्षा उघड्यावर, हवा लागेल असे ठेवा.

दुसरा शत्रू दिसत नाही. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याशी हळूहळू रासायनिक क्रिया होऊन तो आतून ठिसूळ होतो, बूट अजिबात वापरला नाही तरी. वरचं चामडं नव्यासारखं चमकत असतं आणि अवचितगडाच्या अर्ध्या वाटेवर सोल गळून पडतो. म्हणून चार-पाच वर्षं जुना बूट कपाटातून काढला की आधी तळव्याच्या मधल्या थरात अंगठ्याचं नख दाबून बघा, आणि हाताने बूट दोन-चारदा वाकवा. भुगा निघाला, चिकट लागलं किंवा भेग उघडली तर गडावर नेऊ नका, चांभाराकडे न्या. चामडं शाबूत असेल तर अनेक बुटांना नवा सोल बसतो.