साधा भूतकाळ की पूर्ण वर्तमानकाळ?

नोकरीच्या अर्जातील ही दोन वाक्ये पाहा : ‘आय वर्क्ड इन अ बँक फॉर सिक्स इयर्स’ आणि ‘आय हॅव वर्क्ड इन अ बँक फॉर सिक्स इयर्स’. दोन्ही शुद्ध आहेत. मात्र पहिले वाचणारा समजतो की, आपण ती नोकरी सोडली आहे. दुसऱ्यावरून सामान्यतः असे समजले जाते की, आपण आजही तेथेच आहात. भेद लक्षात न घेणारा उमेदवार आपल्याविषयी नकळत चुकीची माहिती देऊन बसतो.

‘मी पत्र पाठवले’ आणि ‘मी पत्र पाठवले आहे’ असा भेद मराठीतही आहे. त्यामुळे ‘आहे’ दिसले की ‘हॅव’ लावायचे, ही सवय लागते. ती फसवी आहे. ‘मी त्यांना काल पत्र पाठवले आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. परंतु ‘आय हॅव सेंट देम अ लेटर यस्टरडे’ हे इंग्रजी वाक्य चूक ठरते. ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘टू डेज अगो’ असा संपलेल्या काळाचा उल्लेख आला की इंग्रजीला साधा भूतकाळच हवा असतो. म्हणून ‘आय पास्ड माय बी.ए. इन २०१५’ असे लिहावे. वर्ष न सांगता, आज हाती असलेली पात्रता म्हणून सांगायचे असेल, तर ‘आय हॅव पास्ड माय बी.ए.’ योग्यच आहे.

याउलट, मराठीत पूर्ण वर्तमानकाळ नसतानाही इंग्रजीत तो लागतो. ‘मी दहा वर्षांपासून नाशिकला राहतो’ येथे मराठी क्रियापद साध्या वर्तमानकाळाचे आहे. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स’ असे म्हणावे लागते. मराठीचा भूतकाळ तर फारच सैल आहे : ‘आलोच!’ म्हणणारा माणूस अजून घरातच असतो. तेव्हा मराठी क्रियापदाच्या रूपावर विसंबू नये.

पाहायचे ते एवढेच, की बोलणारा त्या घटनेला आजशी जोडतो आहे का? सकाळी दहा वाजता ‘आय हॅव नॉट रेड द पेपर धिस मॉर्निंग’ म्हणता येते, कारण सकाळ अजून सरलेली नाही. संध्याकाळी तेच ‘आय डिड नॉट रीड द पेपर धिस मॉर्निंग’ होते. इंग्रजी बातमीतही पहिले वाक्य बहुधा ‘द मिनिस्टर हॅज रिझाइन्ड’ असे असते आणि तपशील सुरू होताच ‘ही सेंट हिज लेटर धिस मॉर्निंग’ असा साधा भूतकाळ येतो. अमेरिकन बोलीत ‘डिड यू ईट यट?’ असेही ऐकू येते. आपण येथे ब्रिटिश वळण प्रमाण मानले आहे.

आता ‘माझी किल्ली हरवली’ या वाक्याचे इंग्रजी भाषांतर दोन प्रसंगांसाठी करा : एकदा बंद दारासमोर उभे राहून, आणि एकदा गेल्या वर्षीची हकीकत सांगताना.