मसालायुक्त रमची चव : रेयुनियोंच्या ‘रम आरांजे’च्या संदर्भात

प्रास्ताविक : उसाच्या मळीचे किंवा रसाचे किण्वन व ऊर्ध्वपातन करून रम तयार होते. तिच्यात शेंगा, साली, पाने किंवा फळे मुरविली की मसालायुक्त रम सिद्ध होते. अशा रमची चव ‘गोडसर व उष्ण’ असे म्हणून विषय संपविला जातो. मात्र हा गोडवा साखरेचा की वनस्पतीचा आणि ही उष्णता कशाची, हे प्रश्न शिल्लकच राहतात. हिंदी महासागरातील रेयुनियों या फ्रेंच बेटावरील ‘रम आरांजे’ या पेयाच्या आधारे प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

व्हॅनिलाचे स्थान : रम आरांजेसाठी सामान्यतः लाकडी पिंपात न मुरविलेली पांढरी रम वापरतात. ही बाब महत्त्वाची आहे. पिंपात मुरलेल्या रममध्ये ओक लाकडातील लिग्निनपासूनही व्हॅनिलिन उतरते. येथे मात्र तो गंध शेंगेतूनच यावा लागतो. व्हॅनिलाचा वेल मूळचा मेक्सिकोतील. रेयुनियोंत तो रुजला, पण त्याला शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये एदमों अल्बियुस या सुमारे बारा वर्षांच्या गुलाम मुलाने हाताने परागीकरणाची सोपी रीत शोधली आणि बेटाचे अर्थकारण पालटले. १८४८ मध्ये तो दास्यमुक्त झाला. १८८० मध्ये दारिद्र्यातच वारला. हिरव्या शेंगेला जवळजवळ वास नसतो, कारण तीतील व्हॅनिलिन ग्लुकोजशी बांधलेले असते. शेंगा गरम पाण्यात बुडवून, घाम आणवून, महिनोन्महिने वाळविल्यावर ते सुटे होते. पुढे मद्यार्क ते सहज विरघळवून घेतो.

व्हॅनिलाखेरीज दालचिनी, लिची, संत्र्याची साल हे घटक योजले जातात. बेटावरील फाहाम हे ऑर्किडही वापरात आहे. व्हॅनिलाही ऑर्किड कुळातीलच. परंतु फाहामची शेंग नव्हे तर पाने घेतात. त्यांतील कुमारिनमुळे वाळल्या गवताचा मंद गंध येतो.

चवीचे स्वरूप : व्हॅनिलिन हे स्वतः गोड नाही. गोड पदार्थांतून ते वारंवार अनुभवल्यामुळे त्याच्या गंधाबरोबर गोडव्याचा भास होतो. घोट घेतल्यावर गंध घशामागून नाकात पोहोचतो आणि आपण त्यालाच जिभेची चव म्हणतो. वर्गात हे दाखविण्यासाठी मी विद्यार्थ्यांना नाक दाबून वेलदोडा चावावयास सांगतो. नाक सोडताच वेलदोडा ‘येतो’!

उष्णतेची कथा वेगळी आहे. तोंडातील उष्णतेची जाणीव देणारे ग्राहक सुमारे ४२ अंश सेल्सिअसला उद्दीपित होतात. मद्यार्क ही मर्यादा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली आणतो. परिणामी शरीराचे स्वतःचे तापमानच भाजल्यासारखे जाणवते. दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड दुसऱ्या ग्राहकास डिवचून त्यात आपली झणझण मिसळते.

रम आरांजेत बहुधा उसाचा पाक किंवा साखरही घालतात. दाह सौम्य करण्यापुरती ती योग्यच. पण प्रमाण वाढले की खऱ्या गोडव्याखाली गंधाचा भासमान गोडवा दबतो आणि फाहामसारखा नाजूक घटक तर हरवतोच. म्हणून परीक्षणासाठी रम प्रथम हुंगावी, मग लहान घोट घ्यावा व शेवटी थोडे पाणी घालावे. संत्र्याच्या सालीतील तेल भरपूर उतरले असल्यास पाण्याने पेय किंचित गढुळते.