परसातील पालेभाजी आणि मूठभर युरिया

गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी आटोपली की घरोघरी युरियाचे पोते उघडते. बांधीत टाकून उरलेली एखादी मूठ परसातील पालक, चवळाई, सांबाराच्या वाफ्यात पडते. थोड्याच दिवसांत पाने गर्द हिरवी होतात. मात्र तीच भाजी आजी-आजोबा व नातवंडे खातात आणि तिचे देठ शेळीपुढे पडतात. म्हणून या मुठीचा विचार आरोग्याच्या दृष्टीनेही व्हावयास हवा.

युरियात ४६ टक्के नत्र असते. जमिनीत त्याचे नायट्रेट होते व ते मुळे शोषून घेतात. भरपूर उन्हात वनस्पती त्यापासून प्रथिने तयार करते. ढगाळ दिवसांत हे कार्य मंदावते व नायट्रेट देठांत-पानांत साचते. धुण्याने ते जात नाही. निरोगी प्रौढास ताज्या शिजवलेल्या भाजीपासून सहसा धोका नसतो. परंतु शिजवलेली भाजी तासन्‌तास बाहेर राहिल्यास जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात आणि त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. सहा महिन्यांखालील अर्भकास हे विशेष घातक; त्यास पालेभाजीचे पाणी पाजू नये. कच्चा पाला पोटभर खाणाऱ्या गाई-शेळ्यांच्या पोटातही हाच बदल घडतो व जनावर दगावू शकते.

हौसेने कासव पाळून त्यास हा पाला घालणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी घ्यावे. स्टार कासवासारखी आपल्याकडील वन्य कासवे घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय कासवापासून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग वृद्धांना व मुलांना होऊ शकतो.

शेणखत उत्तम, पण पूर्ण कुजलेले. ताज्या शेणातून रोगजंतू भाजीवर येतात. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या सांबारासाठी ते मुळीच वापरू नये.

घरच्यांनी एवढे पाळावे : परसात युरियाऐवजी कुजलेले खत द्यावे. भाजी वाहत्या पाण्याखाली धुवावी, शिजवून लगेच खावी. उरलेली थंड कपाटात ठेवावी. युरिया मीठ-साखरेसारखा दिसतो, म्हणून तो स्वयंपाकघरातील डब्यात कधीही ठेवू नये. मधुमेही ज्येष्ठांनी वाफ्यात अनवाणी जाऊ नये. शेण-मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि पायाची जखम त्यांना उशिरा जाणवते. धनुर्वाताच्या लसीची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यावी.

अर्भकाचे ओठ वा नखे निळसर दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.