निवड कॉन्चेर्टोची, कसोटी वादकाची

क्लॅरिनेट म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना लग्नाच्या वरातीतील बँड आठवतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मात्र या सुषिरवाद्याला संपूर्ण वाद्यवृंदासमोर एकट्याने उभे राहण्याचा मान आहे. एक प्रमुख वादक आणि त्याच्याशी संवाद साधणारा वाद्यवृंद अशा रचनेला ‘कॉन्चेर्टो’ म्हणतात. अनेक मोठ्या संगीत स्पर्धांची अंतिम फेरी अशाच रचनेने रंगते. तेथे वादनाआधीच एक परीक्षा होऊन गेलेली असते, ती म्हणजे रचनेच्या निवडीची.

पहिले नाव अर्थातच मोझार्टचे. १७९१ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षात, त्याने आंटोन श्टाडलर या वादक मित्रासाठी आपला क्लॅरिनेट कॉन्चेर्टो लिहिला. कानाला सोपी वाटणारी ही रचना वादकाला कोठेही लपू देत नाही. श्वास किंचित ढळला तरी ते जाणवते. शिवाय परीक्षकांनी ती असंख्य वेळा ऐकलेली असल्याने तुलना अटळ ठरते. वेबरने १८११ मध्ये हाइन्रिश बेरमानसाठी लिहिलेल्या दोन कॉन्चेर्टोंत ऑपेराचे नाट्य आणि चपळाई आहे. अमेरिकन संगीतकार कोपलंडने १९४८ मध्ये पूर्ण केलेला कॉन्चेर्टो जाझवादक बेनी गुडमनसाठी होता. त्यात आरंभीची दीर्घ, संथ सुरावट आणि पुढील जाझची लय ही दोन्ही अंगे सारख्याच सहजतेने पेलावी लागतात.

दोन विजेते, दोन वाटा

ब्रिटनमधील ‘बीबीसी यंग म्युझिशियन’ ही किशोरवयीन वादकांची स्पर्धा १९७८ मध्ये सुरू झाली. १९८४ साली सतरा वर्षांच्या एमा जॉन्सनने अंतिम फेरीसाठी मोझार्ट किंवा वेबर न घेता बर्नहार्ड क्रुसेलचा दुसरा कॉन्चेर्टो निवडला आणि ती विजेती ठरली. फिनलंडमध्ये जन्मलेला क्रुसेल स्टॉकहोमच्या राजदरबारी वाद्यवृंदात स्वतः क्लॅरिनेट वाजवीत असे. त्यामुळे या वाद्याचे गाणे कोठे खुलते, याची त्याला नेमकी जाण होती.

२००६ मध्ये मार्क सिम्पसननेही हीच स्पर्धा क्लॅरिनेटवर जिंकली, पण ती अगदी वेगळ्या रचनेने. डॅनिश संगीतकार कार्ल निल्सनचा १९२८ सालचा हा कॉन्चेर्टो खंड न पाडता सलग वाजतो. मध्येच एक छोटा ड्रम वादकाला जणू डिवचत राहतो. एकीकडे गेय माधुर्य, दुसरीकडे अस्वस्थ झुंज. तरीही दोन्ही निवडी यशस्वी झाल्या.

निवडीला व्यावहारिक बाजूही आहे. नियमांतील कालमर्यादा पाहावी लागते. मोझार्ट व निल्सन यांच्यासाठी ‘ए’ क्लॅरिनेट लागते, तर वेबर आणि कोपलंड यांच्यासाठी ‘बी फ्लॅट’. वीस-पंचवीस मिनिटांच्या वादनानंतर ओठ थकतात. म्हणून शेवटचा अवघड भाग तेव्हाही निभावेल का, हे सरावातच पडताळणे इष्ट.

या बहुतेक रचनांमागे एक विशिष्ट वादक आहे. श्टाडलर, बेरमान, गुडमन आणि निल्सनच्या डोळ्यांसमोर असलेला ऑये ऑक्सेनवाड, प्रत्येकाचा स्वभाव त्या सुरांत उतरला आहे. म्हणूनच कोणती रचना सर्वांत कठीण किंवा सर्वांत प्रसिद्ध, यापेक्षा यांपैकी कोणाचा स्वभाव आपल्या श्वासाशी जुळतो, हे स्पर्धकाने आधी ओळखावे. उसन्या स्वभावाने केलेले वादन परीक्षकांच्या कानांतून सुटत नाही.