मनाली-लेह रस्ता आणि ताईची डोकेदुखी

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमची ताई आणि दाजी मोटारसायकलवरून मनालीहून लेहला निघाले. तिसऱ्या दिवशी फोन आला, तो वाटेतूनच परत फिरल्याचा. आई मला म्हणाली, "तू कॉलेजात जातीस ना, मग सांग, पोरीला तिथं काय बाधलं?" त्या रात्री मी नकाशा घेऊन बसले.

मनाली सुमारे २०५० मीटर उंचीवर आहे. पूर्वी पुढे जाण्यास ३९७८ मीटरची रोहतांग खिंड ओलांडावी लागे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा सुरू झाला आणि वाट ४६ किलोमीटरने कमी झाली. त्यामुळे सकाळी मनाली सोडून, तांडीला पेट्रोल भरून, सुमारे ४८९० मीटरची बारालाचा खिंड ओलांडून दोघे संध्याकाळी सरचूच्या तंबूत पोहोचले. सरचू सुमारे ४२९० मीटरवर. म्हणजे आदल्या रात्रीपेक्षा जवळजवळ सव्वादोन हजार मीटर उंच झोपले!

चढावर गाडी काळा धूर सोडू लागली, तेव्हा दाजींनी चटकन ओळखले: हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढेच. कार्ब्युरेटर जुळवला, गाडी सुधारली. गॅरेजवाला माणूस तो. पण ताईचे डोके ठणकू लागले, जेवण उलटून पडले, तेव्हा म्हणाले, "दगदग झाली. झोप, बरं वाटंल."

उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण घटते असे पुष्कळांना वाटते. ते तेवढेच, सुमारे २१ टक्के, राहते. घटतो तो हवेचा दाब. सरचूला तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. श्वास वाढवून, रक्तात बदल करून शरीर जुळवून घेते. पण त्याला दिवस लागतात. बोगद्याने रस्ता आखूड झाला, हे दिवस नाही. दुर्लक्ष केले तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून माणूस दगावतो. अशा वेळी खाली उतरणे हाच खरा इलाज.

पण सरचू दोन्हीकडून खिंडींत अडकलेले. पुढे लेहपर्यंत आणखी तीन खिंडी, त्यांतली तांगलांग ला तर ५३०० मीटरच्या वर. मागे बारालाचा. खाली जायचे तर आधी सहाशे मीटर वर चढायचे! तंबूवाल्याने मागे जायला सांगितले, तेही पहाटेच. कारण उन्हाने बर्फ वितळले की दुपारी ओढे रस्त्यावर फुगतात. ताईने ओढणीने स्वतःला दाजींच्या पाठीशी बांधून घेतले. खिंडीवर तिला दोनदा उतरावे लागले. जिस्पाला, ३२०० मीटरच्या आसपास, आल्यावर तिने स्वतःहून चहा मागितला.

लेह राहिलेच. आता श्रीनगरवरून जायचे ठरते आहे. त्या वाटेवरही फोतू ला ४१०८ मीटर उंच आहे, पण आदला मुक्काम कारगिलला, २६७६ मीटरवर. ताईने या मुक्कामांच्या उंचीचे आकडे माझ्याकडून कागदावर लिहून घेतले. तो कागद दाजींनी गॅरेजमध्ये पान्यांच्या फळीवर चिकटवला आहे.