ब्लॉकचेनची गती आणि समांतर व्यवहार

अमुक ब्लॉकचेनवर सेकंदाला इतके हजार व्यवहार होतात, असे आकडे विद्यार्थी वर्गात सांगतात. त्या आकड्यांमागे एक अट असते. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

महाविद्यालयात फी भरण्याच्या चार खिडक्या आहेत, पण नोंदवही एकच आहे, असे समजा. कारकून वाढवले तरी रांग वहीपाशी अडणारच. २०१५ साली सुरू झालेल्या इथेरियममध्ये तर खिडकीही एकच ठेवली गेली. त्याचे आभासी यंत्र, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, व्यवहार एकामागून एक घेते. शिवाय ते २५६ बिटांच्या संख्यांवर चालते, आणि आपले प्रोसेसर सामान्यतः ६४ बिटांचे असतात. डिसेंबर २०१७ मध्ये क्रिप्टोकिटीज या मांजरांच्या खेळाने हे जाळे तुंबले होते!

सोलानाने २०२० साली वेगळा मार्ग धरला. आपण कोणती खाती वाचणार आणि कोणत्या खात्यांत लिहिणार, हे प्रत्येक व्यवहाराने आधीच सांगावयाचे. खाती भिन्न असतील तर व्यवहार एकाच वेळी चालतात. एकच खाते अनेकांनी वाचले तरी हरकत नाही. लिहिणारा आला की इतरांनी थांबावयाचे. त्याचे यंत्रही ६४ बिटांचे असून लिनक्समधील ईबीपीएफ तंत्रावर बेतलेले आहे.

२०२२ सालच्या ॲप्टॉसमध्ये अशी पूर्वसूचना लागत नाही. व्यवहार परस्परांना आड येणार नाहीत असे धरून ते एकदम चालवतात, मग तपासतात आणि आड आलेले पुन्हा चालवतात. व्यवहारांचा क्रम मात्र आधीच ठरलेला असतो, म्हणून प्रत्येक संगणकावर निकाल तोच येतो. हा मुद्दा वर्गात घाईने सोडू नये; निकाल भिन्न आले तर सामाईक खातेवहीला अर्थच उरत नाही.

आता अटीकडे वळू. १४ सप्टेंबर २०२१ रोजी सोलाना सुमारे १७ तास बंद पडले. एका नव्या टोकनच्या विक्रीवर स्वयंचलित प्रोग्रॅम तुटून पडले होते. व्यवहारांच्या त्या पुराने संगणकांची मेमरी अपुरी पडली, हे एक कारण. दुसरे असे, की काही व्यवहारांनी १८ महत्त्वाच्या खात्यांवर लेखनाचे कुलूप लावले होते आणि सर्वांना लागणारा टोकन-प्रोग्रॅमही त्यांत होता. चार खिडक्या आणि एक वही, अशीच ती स्थिती झाली.

विद्यार्थ्यांना दहा व्यवहार खात्यांच्या नावांसह फळ्यावर लिहून द्यावेत आणि किती फेऱ्या लागतील ते विचारावे. सर्व खाती वेगळी असतील आणि यंत्रात दहा कोअर असतील, तर एक फेरी पुरते. दहाही जण एकाच खात्यात लिहिणार असतील, तर कोणतेही यंत्र आणले तरी दहा फेऱ्या लागतात.